चिंबोरीचं बीळ, स्पॅनिशमध्ये

कोलशेतचा नयन पन्नाशी उलटली तरी सुधारला नव्हता. लिफ्टच्या दारावर 'आज फक्त खाली जाईल' अशी पाटी लावायची आणि बाकड्यावर बसून लोकांची तोंडं बघायची, हा त्याचा रविवार. पण स्पेनमधल्या नातीपुढे त्याची सगळी मस्ती थंड पडायची. आल्बाला मराठी चार शब्दांपुरतंच. व्हिडिओ कॉलवर 'ओला, आजा' म्हणायची आणि पळायची. तिला धरून ठेवायचं तर ठेवणीतला माल काढायला हवा होता. चिंबोऱ्या.

आता त्याची सोसायटी आहे तिथे पूर्वी खाडीकाठचं दलदलीचं खाजण होतं. बाप गोपीनाथ मिठागरावर कामाला. ओहोटी लागली की नयनला चिखलात न्यायचा आणि बिळात हात घालायला शिकवायचा.

हे सांगायला बिळाचा स्पॅनिश शब्द पाहिजे. मोबाईलने दिला 'आगुखेरो'. मुलगी ऋतिका, आल्बाची आई, फोनवर हसली. ते तुझ्या बनियनला पडतं ते भोक, पप्पा. रस्त्यातला खड्डा तो 'बाचे'. नयन म्हणाला, हा एक शब्द आला तरी माणूस ठाण्यात जगेल. ऋतिका पुढे सांगत गेली, शर्टाचं काजं 'ओखाल', आपण खणतो तो खड्डा 'ओयो', आणि जनावर स्वतः उकरून राहतं ते 'माद्रिगेरा'. नयनने पाठ केलं, भाजीवाल्याकडे पाव किलो माद्रिगेरा मागून पाहिलं. तो म्हणाला, संपलं, उद्या येईल.

रविवारी त्याने बाजारातून जिवंत चिंबोरी आणली, नांग्या बांधलेली. सोसायटीच्या बागेत खुरप्याने बीळ पाडलं, पाईपने चिखल केला, सुतळी दिसणार नाही अशी तिला आत बसवली. वॉचमनला सांगितलं, खताचं काम चालू आहे. मग कॉल लावला.

"मिरा, आल्बा. माद्रिगेरा." 'बघ'ला स्पॅनिशमध्ये 'मिरा' म्हणतात, एवढं त्याने शिकून घेतलं होतं.

आल्बा स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. मग भराभर काहीतरी बोलली. मागून ऋतिकाचा आवाज आला.

"पप्पा, ती म्हणते हे माद्रिगेरा नाही, ओयो आहे. चिंबोरी उकरलेली माती दारात टाकते, गोळ्यागोळ्यांनी. तुझी माती कुठंय?"

त्यांच्या गावालाही मिठागरं आहेत, ऋतिका म्हणाली. आल्बा तिच्या बापाबरोबर चिखलात जाते रोज.

नयनने बिळाच्या तोंडाकडे बघितलं. ओहोटीच्या खाजणात गुडघाभर चिखलात उभा गोपीनाथ असंच बोलायचा, मागे वळून न बघता. "आदी तोंड बग, बाला. माती कुठं टाकलीय ती बग. मंग हात घाल."

आल्बा अजून गेली नव्हती. तिने ऋतिकाकरवी विचारलं, कोणी खणलं? नयनने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ती खिदळली, त्याला लबाड म्हणाली आणि हुकूम सोडला: नीट कर.

कुंडीला फोन टेकवून नयन चिखलात पालथा पडला. गोळ्या वळून बिळाच्या तोंडाशी ठेवू लागला. वॉचमन येऊन बघून गेला. चुकीच्या जागी गोळी पडली की आल्बा म्हणायची, "नो, आजा," आणि तो मुकाट्याने ती उचलून थोडी पलीकडे ठेवायचा.