पुसण्याआधी कुणी ऐकलंच नाही

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन कप्प्यांचा. डाव्या कप्प्यातली कॅसेट वाजते आणि उजव्या कप्प्यातल्या कॅसेटवर ती उतरते, एवढंच माझं काम. मित्रांनो, माझा पट्टा सैल झाला, झाकण तुटलं, अंगावर धूळ बसली, त्याचं मला काही नाही. यंत्र म्हटलं की हे व्हायचंच. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे, आणि आजही ते आठवलं की माझ्या आतली चाकं जागच्या जागी थांबतात.

माझी जुळणी जपानातल्या एका कारखान्यात झाली. तिथून जहाजाने निघालो तो नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगनमध्ये, कालव्याकाठच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत येऊन पोचलो. तिथे लूस आणि तिचा धाकटा भाऊ सीब्रेन राहायचे. लूस ग्रंथालयात नोकरीला होती. सीब्रेन एका बँडमध्ये ओरडायचा. गायचा असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू?

ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ज्यांना मोठ्या कंपन्या दारातही उभं करत नसत, अशी माणसं घरातच गाणी टेप करायची आणि आमच्याकडे पाठवायची. चर्चमध्ये चोरून ऑर्गन वाजवणारी शाळकरी मुलगी होती. सुरीनामहून आलेला एक आचारी पातेल्यांवर असा ठेका धरायचा की खालचा सायकलवाला हातातला पाना टाकून वर यायचा. एकाने तर नुसतं ड्रिलमशीन टेप केलं होतं. लूस यांतलं निवडायची, एकामागे एक लावायची आणि त्याचं संकलन करायची. मग मी त्याच्या प्रती काढायचो. लोक म्हणायचे, असं कुठेच ऐकायला मिळत नाही. तेव्हा माझे दोन्ही दिवे अभिमानाने लुकलुकायचे.

आमची एक रीत होती. ज्याला संकलन हवं त्याने एक कोरी कॅसेट आणि परतीची तिकिटं लावलेलं पाकीट पाठवायचं. आम्ही कॅसेट भरून परत करायचो. पैशांचा व्यवहारच नाही. आणि ज्याला स्वतःचं गाणं द्यायचं त्यानेही कॅसेटच पाठवायची. सीब्रेनने मासिकात जाहिरात दिली होती, ‘आम्ही सगळ्यांचं ऐकतो.’ खोलीत दोन खोकी होती. एक ऐकायच्या कॅसेटचं, दुसरं भरायच्या कॅसेटचं.

आता कोरी म्हणजे खरंच कोरी कोण पाठवणार? विद्यार्थी फाटके. घरातली जुनी, कंटाळा आलेली कॅसेट पाठवायचे. दुकानात मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटच्या पाठीला खाच असते. माझी एक बारीक दांडी ती खाच चाचपते, आणि ती रिकामी लागली की मी टेप करायचं लाल बटण दाबू देत नाही. आतलं पुसलं जाऊ नये म्हणून केलेली सोय ती. पण खाचेवर चिकटपट्टी लावली की मी फसतो. त्यामुळे पाठीवर चिकटपट्टी दिसली की सीब्रेन ती कॅसेट डोळे झाकून भरायच्या खोक्यात फेकायचा.

आणि माझं एक दुर्दैव ऐका. उजव्या कप्प्यात पुसणारा भाग आधी येतो आणि लिहिणारा नंतर. टेप माझ्यापर्यंत पोचते ती पुसूनच. काय गेलं ते मलासुद्धा कधी ऐकू येत नाही.

एका सकाळी जिन्यावर जड बूट वाजले. दारात साठीचा एक माणूस उभा राहिला. निळा स्वेटर, हातात टोपी.

“मोय,” तो म्हणाला. आमच्याकडे भेटल्यावर एवढंच म्हणतात, आणि पुष्कळ जण त्यानंतर दिवसभर काही म्हणत नाहीत. “मी फ्रेर्क. मालवाहू बोट आहे माझी. तुमच्याकडनं चुकीची कॅसेट आली. माझी द्या, ही घ्या.”

सीब्रेनने कॅसेट हातात घेतली. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या खलाशांच्या समूहगीतांची. पाठीवर चिकटपट्टी.

“कप्तान, तुमचीच आहे की ही.”

“माझीच कशी? माझ्या कॅसेटमध्ये माझी बायको गाते. हिच्यात कुणीतरी दात कोरतोय.”

“ते ड्रिल आहे,” सीब्रेन म्हणाला.

लूस उठून उभी राहिली. “काका, तुम्ही ही ऐकायला पाठवली होती? गाणं संकलनात घ्यायला?”

“मग कशाला पाठवीन? तुमची जाहिरात वाचली. सगळ्यांचं ऐकतो म्हणे.”

“चिठ्ठीत तसं काही लिहिलं नव्हतं तुम्ही!” सीब्रेनचा आवाज चढला.

“लिहिलं होतं की. आगाऊ आभार, फ्रेर्क. आणखी काय लिहायचं?”

लूसचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कळलं होतं. मलाही कळलं, आणि मित्रांनो, माझ्या आत वीज चालू असूनही मी गार पडलो.

फ्रेर्कला मात्र अजून कळलं नव्हतं. तो सांगत राहिला. आफ्काचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, काल वाढदिवस होता. बोटीवर बहिणी, मेव्हणे, शेजारच्या बोटीवरचे लोक खुर्च्या गोल मांडून बसले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, केक झाला, कॉफी झाली. वर्षापूर्वी गळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासून आफ्काचा आवाज गेलेला. स्वतः रचलेली, स्वतः गायलेली तिची सगळी गाणी, खलाशांच्या गाण्यांवर चिकटपट्टी लावून भरलेली, या एका कॅसेटवर होती. त्याने बटण दाबलं, आणि सगळे मान खाली घालून आफ्काच्या आवाजाची वाट बघत बसले.

“आणि मग ते दात कोरणं. ती माझ्याकडे बघत होती. पुढे कुणीतरी ओरडायला लागला तेव्हा मी बंद केलं. म्हटलं, पोस्टात अदलाबदल झाली असेल.” त्याने दोघांकडे पाहिलं. “झालीय ना अदलाबदल?”

“नाही, काका,” लूस म्हणाली. “आम्ही तिच्यावरच भरलं.”

“म्हणजे?”

“पुसलं गेलं.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

“ऐकलं तरी होतं का आधी?”

सीब्रेन जमिनीकडे बघत होता. “नाही.”

“अरे माठ्या,” लूस भावाला म्हणाली, “आम्ही सगळ्यांचं ऐकतो! आता बोल ना! तोंड कुठे गेलं तुझं?” आणि मग तिची नजर कॅसेटवर अडकली. “थांबा. ही नव्वद मिनिटांची आहे. आपलं संकलन साठचं.”

तिने कॅसेट माझ्या डाव्या कप्प्यात घातली आणि पुढे पळवली. संकलन संपलं तिथे खट् झालं. आणि एका ओळीच्या मधूनच, जणू दार लोटून कुणी आत यावं तशी, एक बाई गाऊ लागली.

‘…आणि पूलवाला जेवायला गेला, बटाट्यांना कोंब आले…’

मी हजारो आवाज वाजवले आहेत. असा नाही. खडबडीत, खट्याळ, कुणाची परवानगी न मागणारा. गाणं होतं पूल उघडायची वाट बघत खोळंबलेल्या बोटीचं. मधूनच सुरू झालेलं हे एक आणि त्यामागे आणखी एक अर्धवट. दुसऱ्या बाजूच्या शेवटी खलाशांची जुनी समूहगीतंच होती. बाकी सगळं गेलं होतं. जे गेलं ते माझ्याच आतून गेलं होतं, आणि असा आवाज आपल्या अंगावरून जाऊन आपल्याला पत्ताही लागला नाही, या धक्क्याने मी सुन्न झालो.

फ्रेर्क खिडकीशी गेला. खाली कालव्यात त्याची बोट बांधलेली होती. “आफ्का!” तो ओरडला. “वर ये!”

आफ्का आली. ठेंगणी, गळ्याला रुमाल. काय झालं ते फ्रेर्कने तिला सांगितलं. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग सीब्रेनला बोटाने जवळ बोलावलं. तिच्या घशातून आवाजाऐवजी नुसता वारा यायचा, पण शब्द कळायचे.

“ते दात कोरतोय तो तू?”

“नाही, मावशी. त्याच्यानंतर ओरडतो तो मी.”

“अरे देवा. तो तर त्याहून वाईट.”

“मावशी, माफ करा. मी काहीही करीन. तुमची गाणी कुणाकडून तरी, एखाद्या चांगल्या गायिकेकडून…”

“गायिका नको. शब्द मला पाठ आहेत, चाली पाठ आहेत. आवाज होता तो गेला, दोनदा गेला.” ती खुर्चीत बसली. “या गाण्याचं पहिलं कडवं तू पुसलंस. ते तू गायचं.”

“मी? मला गाता येत नाही!”

“ते सगळ्या बोटीला माहीत आहे. गा.”

फ्रेर्कने बोटीवरून अकॉर्डियन आणलं. आफ्का चाल वाजवायची, कुजबुजत शब्द सांगायची, सीब्रेन म्हणायचा, ती मान हलवायची. “बेडूक. पुन्हा.” कॉफीची भांडी रिकामी झाली. सीब्रेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो गात होता, आयुष्यात पहिल्यांदा. शेवटी आफ्का म्हणाली, “वाईटच आहे. पण आता ऐकून गातोयस. उतरवा.”

पुढच्या संकलनात ते गाणं होतं. आधी सीब्रेनचा फुटका आवाज, मग खट्, मग ती. एका मासिकाने लिहिलं की हा मधला तुटलेपणा म्हणजे धाडसी कलाप्रयोग आहे! मी थक्क झालो. अरे शहाण्यांनो, तो प्रयोग नाही, ती जखम आहे! पण त्या लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही आम्हाला काही विचारलं नाही.

मित्रांनो, नवं संगीत शोधतो म्हणून छाती काढून फिरणारे मी खूप पाहिले. आम्ही हे आधी ऐकलं, आम्ही ते आधी शोधून काढलं. कुणी अनोळखी माणूस आपला एकुलता एक आवाज तुमच्या हातात ठेवतो, तेव्हा त्याचं वेष्टन बघू नका, त्याची चिठ्ठी किती लांब ते बघू नका. आधी ऐका. आवडलं नाही तर खुशाल सांगा. पण न ऐकता कुणाला पुसू नका. माझ्यासारख्या यंत्राला दुसरा इलाज नव्हता. तुम्हाला कान आहेत.

सीब्रेनने त्यानंतर बँड सोडला नाही, ओरडणंही सोडलं नाही. पण भरायच्या खोक्यातली प्रत्येक कॅसेट तो आधी डाव्या कप्प्यात घालायचा आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत माझ्यापाशी बसायचा. नुसती खरखर असली तरी. एकदा लूस कामावरून आली तर हा कान लावून बसलेला.

“काय ऐकतोयस?”

“काही नाहीये,” तो म्हणाला.

“मग बंद कर की.”

“अजून संपली नाही,” तो म्हणाला, आणि हाताने तिला गप्प राहायची खूण केली.