कोंडा, घोडी आणि काकूचं गाणं

माझी डॉक्टर नात परवा मला समजावत होती, "आजोबा, आतड्यातल्या जिवाणूंना तंतुमय खाणं लागतं. ते नीट जेवले की त्याची खबर मेंदूपर्यंत जाते."

म्हटलं, "पोरी, हे मला तुझ्या जन्माआधी एका घोडीनं सांगितलंय."

ती हसली. हसू दे. जिनं ती घोडी पाहिलीच नाही तिच्याशी काय वाद घालायचा!

तेव्हा मी काकांच्या बेकरीची गाडी हाकायचो. भल्या सकाळचा तो भट्टीचा वास अजून नाकातून जात नाही. काका काथवटीत पीठ मळायचे ते काकूच्या गाण्यावर. ती आधीच्या घाण्याचे गोळे वळत गायची. गाणं संपलं की काकांचे हात थांबायचे. दुसरं मापच नव्हतं. पाव असा व्हायचा, की दातांना काम आणि जिवाला आराम.

मग काकांना पांढऱ्या पावाचं खूळ लागलं. बारीक चाळणी आली. सगळा कोंडा गाडीच्या घोडीपुढे जाऊ लागला. घोडीचं नाव रडकी. चेहराच मयताला निघाल्यासारखा.

पाव कापूस झाला. काकू तिन्ही त्रिकाळ तोच खायची. तिचं पोट दगड झालं, कपाळावर आठ्या चढल्या, आणि एक दिवस गाणं बंद.

"अगं, एक तरी ओळ म्हण!"

"पोटात शिसं भरलंय, गळ्यातून काय निघणार?"

मळणं बिघडलं ते सोडाच. काका नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

रडकी मात्र फुलली. शपथेवर सांगतो, कुणाला खरपूस पाव लागतो, कुणाला मऊ, हे ध्यानात ठेवून ती दारोदारी वेगवेगळं खिंकाळायची. चढावर शीळ घालायची. लगाम मी धरायचो तो केवळ माझ्या अब्रूसाठी.

एकदा काकू तबेल्यात आली, घोडीकडे टक लावून पाहिलं आणि सरळ तिच्या बादलीत हात घातला.

"अगं, घोडीच्या तोंडचा घास काढतेस?" काका ओरडले.

"माझ्या तोंडचा होता तो. तुम्ही काढून हिला घातलात. बघा, माझं हसूसुद्धा हिच्याकडे गेलंय!"

चाळणी खुंटीला गेली ती कायमची. कोंडा पिठात परतला. रडकीचा वाटा तेवढा ठेवला. डूख धरणारी होती ती.

हळूहळू काकूचं पोट हलकं झालं, आठ्याही गेल्या. गाणं येईना. काका रोज काथवटीत हात घालून थांबायचे, डोळे तिच्यावर. आणि एका सकाळी पहिली ओळ आली, जरा घोगरी. काका मळू लागले. गाणं संपलं, तर तिनं शेवटचं कडवं पुन्हा धरलं. मग पुन्हा. हात थांबवायची काकांची छाती होईना.

त्या दिवशीचा पाव मळून मळून चामडं झाला. मी तो घरोघर पोचवला. कुणी तोंड वाकडं केलं की रडकी त्याच्याकडे अशी रोखून बघायची, की माणूस मुकाट्यानं चावत बसायचा.