गोगोचे खडे

कोंबडी मेली ती भरल्या ताटावर. म्हणजे दाण्यांच्या थाळीत चोच खुपसून, पंख पसरून. सकाळी सुताराची बायको मागच्या अंगणात आली तेव्हा तिला वाटलं, बाईसाहेबांचे काहीतरी नखरे चाललेत. पायाने हळूच ढोसलं तर कोंबडी लाकडाच्या ठोकळ्यासारखी उलटली.

ही कोंबडी काही साधीसुधी नव्हती. घरातल्या छोट्या पोरीच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बाबा’ही नव्हता, तो होता ‘गोगो’. आणि तो कोंबडीसाठीच, असं सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. कोंबडी चाळणीच्या आवाजावर धावत यायची, तिच्यामागे पोरगी धावायची, आणि मग सुरू व्हायचं गोगो, गोगो. कोंबडीला तेच नाव पडलं. सासूबाई सुनेला डिवचायच्या, “नऊ महिने वागवलंस तू, आणि पोर नाव घेते कोंबडीचं!” सून हसायची. पण तिला ते लागायचं, अगदी आतपर्यंत लागायचं.

आता ती मेलेल्या गोगोकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात सगळ्यात आधी आली ती पोरगीच. गेले काही दिवस पोर धड जेवत नव्हती. पोट धरून रडायची, किरकिर करायची, खेळता खेळता भिंतीला टेकून बसून राहायची. दात येताहेत, असं सासूबाईंचं निदान होतं. सासूबाईंच्या मते पोराला होणारं सगळंच दातांमुळे व्हायचं. पण कोंबडीला कुठले दात?

सुनेची नजर भिंतीपलीकडे गेली. तिकडे रिटायर झालेला पोस्टमन राहायचा. त्याच्या रोपांची गोगोने पार नासधूस केली होती, आणि “एक दिवस हिचा निकाल लावतो” असं तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला होता.

“लावलात ना निकाल?” ती भिंतीशी जाऊन ओरडली. “कोंबडीचं सोडा, पण लहान पोर आहे घरात! ती त्याच मातीत खेळते. काय टाकलंत तुम्ही इकडे?”

पोस्टमन अर्धी दाढी करून बाहेर आला. उरलेल्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता.

“वहिनी, रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. मी मुंगीसुद्धा बघून पाय टाकतो.”

“मग मेली कशी?”

“चला, आत्ता चला डॉक्टरकडे. फाडून बघू दे पोट. माझ्याकडचं काही निघालं तर तुमच्या दारात उभा राहणार नाही परत.”

सुतार पुढच्या शेडमध्ये रंधा मारत होता. पोरीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती निघाली. पोस्टमनच्या स्कूटरवर, मागे, मांडीवर पिशवी आणि पिशवीत गोगो.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तोंडाने गोड नव्हती, पण कामाला चोख होती. हातमोजे चढवता चढवता तिने विचारलं, “आधी काही दिसलं होतं?”

“पाय ओढत चालायची. हिरवं हिरवं हगायची. म्हटलं, वय झालं.”

डॉक्टरीणबाईने पोट चिरलं. मग आतली जाड पिशवी, जिच्यात कोंबडी खाल्लेलं भरडते ती, उघडली आणि आतला ऐवज पांढऱ्या ताटलीत धुऊन घेतला. हिरवे, निळे, पिवळट कपचे. पाण्यात ते चकाकत होते.

“हे काय घालत होता हिला?”

“खडे,” सून म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात थोडी ऐट होती. “कोंबडीला दात नसतात ना. खडे पोटात गेले नाहीत तर दाणे पचत नाहीत.”

खडे लागतात हे खरंच होतं. चुकली ती पुढे. नवरा पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या आणायचा, त्यांचा रंग खरवडायचा आणि पॉलिश करून विकायचा. शेडमधला केर काढायचं काम तिचं. तिच्या हातून काही वाया जायचं नाही, याचा तिला भारी अभिमान. ती केर चाळणीत घ्यायची, ठकठक थापटून भुसा खाली पाडायची, खिळे वेचून काढायची, आणि वर राहिलेले रंगाचे कपचे गोगोपुढे टाकायची. फुकटचे खडे.

डॉक्टरीणबाईने सगळं ऐकून घेतलं आणि चिमटा खाली ठेवला.

“हे खडे नाहीत, जुना रंग आहे. जुन्या रंगात शिसं असायचं. त्यानेच मेली ही.”

“म्हणजे या शेजाऱ्यांनी काही…”

“कोणी काही केलेलं नाही.”

पोस्टमनला आता हवं ते बोलता आलं असतं. तो रिकाम्या पिशवीची घडी घालत बसला.

“घरात लहान मूल आहे?” डॉक्टरीणबाईने विचारलं.

“आहे. पण तिला नाही देत मी! मी असते ना तिथेच. नुसती चाळणीपाशी येऊन बसते, कोंबडी बघत.”

“जेवते नीट?”

“नाही. पोट धरून रडते.”

“हा रंग चवीला गोडसर लागतो,” डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली. “म्हणून मुलं चाटतात. तिला मोठ्या दवाखान्यात न्या आणि रक्त तपासून घ्या. आजच न्या.”

स्कूटरवर तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रंध्यापुढे नवऱ्याला काही ऐकू यायचं नाही. पोस्टमन आयुष्यात चालवली नसेल इतक्या जोरात स्कूटर हाणत होता.

फाटकापाशीच तिला आवाज आला. ठक ठक ठक.

सासूबाई मागच्या पायरीवर चाळण थापटत बसल्या होत्या. “रडायची थांबेना गं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, कोंबडी नाही तर तिचा खेळ तरी खेळू.”

“गोगो!” पोरगी चाळणीशी उकिडवी बसली होती. “गोगो, गोगो!”

सासूबाईंनी चाळण थांबवली. “बघ ना, अजून शोधते तिला.”

पण पोरगी कोणाला शोधत नव्हती. खुराड्याकडे तिने मानही वळवली नाही. तिने बोट जिभेला लावून ओलं केलं, चाळणीतल्या हिरव्या चुऱ्यावर दाबलं आणि तोंडात घातलं. सराईतपणे. मग तृप्त होऊन म्हणाली, “गोगो.”

“गोड म्हणतेय ती, आई!” सून किंचाळली. “पहिल्या दिवसापासून गोड म्हणतेय!”

तिने चाळण भिरकावून दिली आणि पोरीला उचललं. इतकी भीती तिला जन्मात कधी वाटली नव्हती. पोरगी क्षणभर दचकली, मग आई आली म्हणून हसली. ओलं हिरवं बोट तिने आईच्या ओठांपाशी धरलं, आईनेही खावं म्हणून.