चार वाजताची भूक

"साबण कोणता वापरता?" हे वही घेऊन घरोघर विचारण्यात वहीताईंची सव्वीस वर्षं गेली होती. दारातल्या चपला बघून त्या आतला चहा कुठल्या कंपनीचा ते सांगायच्या, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायच्या. मग बाजार-पाहणीच्या त्यांच्या कंपनीने लोकांच्या फ्रिजना बोटभर यंत्रं चिकटवली. दार उघडलं की नोंद ऑफिसात. विचारणारे अकरा जण घरी गेले. उरल्या वहीताई, त्याही महिनाअखेरपर्यंत.

"ताई, हे शेवटचं काम," लेकाच्या वयाचा साहेब म्हणाला. पडद्यावर एका घराचा आलेख होता. एकटे राहणारे आजोबा, आणि रोज चार ते पाचमध्ये फ्रिज पंचवीस-तीस वेळा उघडलेला. "म्हातारपणी चार वाजता भूक खवळते, हा आपला शोध! बिस्किटवाले खास बिस्किट काढतायत. आजोबा काय खातात तेवढं विचारून या."

"तासाभरात तीस वेळा कोण खातं हो? माणूस आहे की बकरी?"

"आकडे खोटं बोलत नाहीत, ताई."

वहीताईंनी पत्ता वहीत उतरवून घेतला. महिनाअखेर जवळ आली होती.

आजोबांच्या फ्रिजमध्ये अर्धी पिशवी दूध आणि एक सुकलेलं लिंबू होतं. खाण्याचं विचारलं तर आजोबा घड्याळाकडे बघू लागले. चार वाजले. त्यांनी दार उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. बाराव्या वेळी फोन वाजला.

"बाबा, फ्रिजचं दार नीट लागत नाहीये का? मला इथे सारखे मेसेज येतायत!"

"बघतो गं. तू जेवलीस का?" आजोबा आरामात खुर्चीत टेकले. दहा मिनिटं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

फोन ठेवून ते चोरासारखे म्हणाले, "मला या यंत्राचं ॲप जमेना, म्हणून फॉर्मवर लेकीचा नंबर दिला. एरवी तिला सवड नसते हो. हे यंत्र काढून तर नाही ना नेणार?"

वहीताई उठल्या, पण लिहावं काय? खरं लिहावं तर यंत्र जाणार आणि फोनही. खोटं लिहावं तर बिस्किट येणार, आणि यंत्रच शहाणं ठरून आपल्याला नारळ. बसमध्ये त्यांनी तीनदा खोडून अखेर लिहिलं: "आजोबा काही खात नाहीत. लेकीचा फोन यावा म्हणून दार उघडतात. बिस्किट काढू नये. यंत्रही काढू नये. पण यंत्राला 'का' विचारता येत नाही, म्हणून दर गुरुवारी माणूस पाठवावा."

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. बिस्किटाचे पुडे छापायला निघाले होते! त्याने धावतपळत ते थांबवले आणि वहीताईंचं महिनाअखेरचं पत्र गुपचूप फाडून टाकलं.

महिन्याभराने तो पुन्हा पडद्यासमोर डोकं खाजवत उभा. "ताई, गुरुवारी चार वाजता हा फ्रिज जेमतेम दोनदा उघडतो. यंत्र बिघडलं का?"

वहीताई पायात चपला सरकवत होत्या. गुरुवारच होता.

"नाही हो. एकदा दूध काढायला, एकदा ठेवायला. दोन कप चहाला तेवढं पुरतं."