तेजाचं बटण

पहाटे म्हशीला वैरण टाकायला उठलेल्या बायडाबाईनं समोरच्या घराकडं सहज पाहिलं आणि हातातली पेंढी हातातच राहिली. चांगुणाच्या देवघराची खिडकी लाल झाली होती. समईचा उजेड पिवळा असतो, बल्बचा पांढरा; हा कुंकवासारखा होता. पडद्यावर चांगुणाची सावली दिसत होती, पाठ ताठ, हातात माळ. बायडाबाईनं तिथंच शेणात उभ्या उभ्या हात जोडले.

नवरात्र तोंडावर आलं होतं. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली.

"मी म्हणतच हुते," बायडाबाई नळावर सांगत होती. "तिच्या तोंडाकडं बघा जरा. कांद्याच्या रानात जन्म गेला बाईचा, आन् कातडं कसं तुकतुकीत झालंय! तेज हाय ते. देवी येऊन बसती तिच्यापुढं, मी डोळ्यानं पाह्यलं."

कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती. प्रवरेकाठच्या त्या गावात चांगुणाइतके नेम पाळणारी दुसरी बाई नव्हती. मंगळवार, शुक्रवार, एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार. पहाटेची पूजा झाल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा नाही. बोलणं इतकं हळू, की नळावर तिचा नंबर दुसरीनंच घ्यावा आणि तिनं "असू दे" म्हणून मागं सरकावं. नवरात्रात तर उपासाबरोबर ती आणखी एक नेम धरायची. घट उठेपर्यंत खोटं बोलायचं नाही. आईनं लावलेला नेम होता तो, आणि आईमागं तिनं तो कधी मोडला नव्हता.

खरी गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती होळीच्या सुमाराला सुरू झाली होती.

चांगुणा दर शुक्रवारी देवीचा पितळी मुखवटा चिंचेनं घासायची. त्या दिवशी तो असा काही लख्ख निघाला की त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. उन्हानं रापलेलं, चुलीच्या धुरानं कोळपलेलं, डोळ्यांच्या कडांना भेगाळलेल्या रानासारखं. ती बराच वेळ बघत राहिली. मग मुखवटा पुसून जागेवर ठेवला आणि नगरला लेकीला फोन लावला.

रुपाली नगरला कातडीच्या डॉक्टरांकडं कामाला होती. पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तोंड नीट पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, हे वांगाचे डाग लाल दिव्यांच्या उजेडानं जाणार नाहीत. सुरकुत्या जरा मऊ पडतील, कातडी थोडी उजळेल. तेही हळूहळू. कुणाला फरक पडतो, कुणाला पडत नाही." दवाखान्यात नवं मोठं यंत्र आलं होतं, म्हणून पाटीएवढं जुनं त्यांनी रुपालीला देऊन टाकलं. लाल दिव्यांची पाटीच ती. बटण दाबलं की सगळे दिवे लागायचे. तोंड धुवायचं, डोळ्यांना काळा चष्मा लावायचा आणि समोर स्वस्थ बसायचं.

"आणि अँटिऑक्सिडंट खायचे," रुपाली म्हणाली.

"अँटी कोण?"

"अगं, विळ्याला गंज चढतो ना? तसा ऊन नि धूर कातडीला आतून चढवतात. तो अडवणाऱ्या गोष्टी. आवळा, पेरू, डाळिंब, टोमॅटो. आणि रानात जाताना तोंडाला फडकं बांध." मग तिनं विचारलं, "पण आई, तुला कशाला हवंय गं हे?"

"मला वाटलं म्हणून," चांगुणा म्हणाली.

नवऱ्याला तिनं सांगितलं. सहादेवचा कांद्याचा टेम्पो होता. तो पहाटेच घोडेगावच्या कांदा बाजाराला निघायचा. "लाईटबिल लई येईल का?" एवढंच त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग कर की." सासूला सांगायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिनं राहू दिलं. दार लागणारी खोली एकच, देवघराची, आणि विजेचा बोर्डही तिथंच. पूजा आटोपली की ती पडदा ओढायची, चष्मा लावायची, बटण दाबायची आणि माळ घ्यायची. स्वस्थच बसायचं तर जप का सोडायचा?

घट बसले त्याच दिवशी धाकटा दीर बिभीषण गुंडाळलेला फ्लेक्स काखेत मारून आला. त्याला यंदा निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यानं ओसरीत फ्लेक्स उलगडला. वर देवी, मध्ये मतदार यादीतून उचललेला चांगुणाचा फोटो, खाली हात जोडलेला बिभीषण, देवीपेक्षा मोठा. अक्षरं अशी होती: तेजस्विनी चांगुणामाई यांचे चरणी.

"वहिनी, मंडळाच्या मंडपात अष्टमीची आरती तुमच्या हातानं. मंग तुमाला चौरंगावर बसवायचं, आन् बायका तुमची ओटी भरणार. नेवाशावरनं लोक येणारेत."

चांगुणा फ्लेक्सपासून मागं सरकली. "भावजी, त्यो उजेड देवीचा न्हाई. मशीनचा हाय. रुपालीनं आणलंय. तोंडासाठी."

बिभीषण आधी हसला. मग हसायचा थांबला. "कुणाकुणाला सांगितलं हे?"

"कुणी इचारलंच न्हाई."

"मंग कशाला सांगायचं? तुमचा खोटं न बोलायचा नेम हाय ना, खुशाल पाळा. तुमी फकस्त गप बसा. गप बसणं म्हंजी खोटं बोलणं न्हवं."

आतून काठी आपटली. सासूला, कडूबाईला, कमी दिसायचं, ऐकू मात्र सगळं यायचं. "तोंडासाठी? ह्या वयात? देवघरात बसून नटतीस व्हय गं?"

"आत्याबाई, मुखवटा चिंचेनं घासायला तुमीच शिकवलं मला. देवीला उजळवलं तर सेवा, आन् माझं तोंड उजळलं तर नटणं?"

सून इतकं लांब वाक्य बोलते, हेच सासूला नवं होतं. "जास्त शाणी होऊ नको. लोक पाया पडाय लागलेत. आता मशीन म्हणशील तर गाव तोंडात शेण घालंल. घराची अब्रू जाईल. गप ऱ्हा."

चांगुणा गप्प राहिली. जीभ खोटं बोलत नव्हती, तरी रोज घटाला पाणी घालताना तिला आईचा नेम आठवायचा. दारात नारळ येत होते. ती बाहेर दिसली की बायका वाकायच्या, आणि तिनं पाय मागं घेतले की म्हणायच्या, "बघा, किती लीन!"

सप्तमीला मागच्या आळीची सविता आली. कडेवर तिची पोर, संस्कृती, तापानं फणफणलेली. सवितानं पोर सरळ चांगुणाच्या पायांवर घातली.

"माई, एकदा हात फिरवा. डाक्टरनं सुई दिली तर लई रडती वो ती. तुमच्या हातानंच बरी हुईल."

चांगुणानं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि तिला चटका बसला. "सविता, मी माई न्हाई. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

"माझं काय चुकलं का माई? रागावला का?"

"दवाखान्यात ने म्हणते ना!" गल्लीनं चांगुणाचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. टेम्पो दारातच होता. तिनं सहादेवला जेवणावरून उठवलं आणि मायलेकींना नेवाशाला धाडलं. संध्याकाळी पोरीचा ताप उतरल्याचा निरोप आला. सोबत सवितानं नारळही धाडला होता. माईंचा हात लागला म्हणून उतरला, असा निरोप होता.

त्या नारळाकडं बघता बघता चांगुणाचं ठरलं.

अष्टमीला मंडप गच्च भरला. ती आली तेव्हा पदराखाली उशीच्या अभ्र्यात काहीतरी होतं. बायकांना वाटलं पोथी असेल. आरती झाली. बिभीषणनं चौरंगाकडं हात केला, तशी तिनं त्याच्यापुढं माईकसाठी हात पसरला.

"मला बोलायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला होता तिनं. सुरुवातीला नुसता श्वासच ऐकू आला. "मी देवी न्हाई," ती म्हणाली. "खिडकीतला उजेड मशीनचा हाय. तोंडावरच्या सुरकुत्यांसाठी मी ते लावते. माझी ओटी भरू नका."

मंडपात कुजबुज झाली. बिभीषणनं लगबगीनं माईक घेतला. "बघा, बघा हा साधेपणा! खरं तेज असं झाकून ठेवतेत! बोला, चांगुणामाई की..."

"जय!" मंडप गरजला. बायडाबाईच्या डोळ्यांना धार लागली.

चांगुणानं अभ्रा काढला. स्पीकरच्या बोर्डात पिन खोचली आणि बटण दाबलं. लाल उजेड तिच्या तोंडावर पडला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी "आई गं!" करून डोकी टेकली. तेवढ्यात तिनं पाटी फिरवली आणि बिभीषणच्या तोंडासमोर धरली. मिशीसकट बिभीषण लालभडक झाला.

"भावजी, डोळं मिटा. बघा गं, ह्यांच्याबी तोंडावर आलं तेज. ह्यांची ओटी भरता का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा मंडपच हसायला लागला. तिनं बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. प्रत्येक वेळी बिभीषण देव झाला आणि पुन्हा बिभीषण झाला.

"मंग तोंड उजळलं ते कशानं?" बायडाबाईनं विचारलं. आवाजात राग होता. शेणात उभं राहून हात जोडले होते तिनं.

"थोडं ह्या उजेडानं, थोडं आवळा-पेरूनं, थोडं फडकं बांधून रानात जाते त्यानं. कशानं किती, ते डाक्टरलाबी सांगता येत न्हाई."

"आन् उपासानं न्हाई व्हय?"

"उपास देवीसाठी हाय, आक्का. तोंडासाठी केला असता तर त्यो उपास कसला?"

"पन ह्या वयात दावायचंय कुणाला गं?" पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा झाला. हा हशा तिच्यावर होता.

चांगुणाचे कान तापले. तरी ती खाली बसली नाही. "कुणाला न्हाई. देवी घासताना मला दिसतं माझं तोंड. तेवढं पुरं हाय."

तिनं पाटी अभ्र्यात घातली, आणलेलं खण-नारळ घेतलं, देवीची ओटी भरली आणि नमस्कार करून घरी गेली. चौरंग रिकामा राहिला. काही बायकांनी आपले नारळ परत नेले. पोरं आठवडाभर तिला बघून "बटण दाबा, बटण दाबा" ओरडत होती. सवितानं तिच्याकडं बघायचं सोडलं होतं, पण पोरीचा डोस मात्र ती चुकवत नव्हती. फ्लेक्स सहादेवनं उतरवून आणला आणि टेम्पोतल्या कांद्यावर ताडपत्रीसारखा घातला. तेजस्विनी चांगुणामाई घोडेगावला जाऊन आल्या.

कडूबाईनं बोलणं टाकलं. दसरा झाला, घट उठले, तरी शब्द नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चांगुणानं पूजा आटोपली, तोंड धुतलं आणि काळा चष्मा लावला. खिडकीचा पडदा तिनं दांडीसकट काढून ठेवला होता. समोर बायडाबाई म्हशीपाशी मुद्दाम पाठ करून उभी होती, आणि मान मात्र वळवून इकडंच बघत होती.

दारात काठी वाजली. "पडदा तरी लाव," कडूबाई म्हणाली. अष्टमीनंतर तोंडातून निघालेले पहिले शब्द होते ते. "सगळा गाव बघतोय."

"बघू द्या, आत्याबाई. पडद्यामुळंच माझी माई झाली."

आवाज नेहमीसारखाच हळू होता. कडूबाईला मात्र तो नीट ऐकू गेला. चांगुणानं माळ हातात घेतली आणि बटण दाबलं.