खंडणीखोराशी पत्रव्यवहार

मी हार्ड डिस्क बोलतेय. पाथर्डीच्या शामकांत भाऊसाहेबांच्या संगणकाच्या पोटात आठ वर्षं काढली. सध्या त्यांच्या कपाटात, त्यांच्या पत्नी लीनाताईंच्या ठेवणीतल्या साड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पडून आहे. अंगावर चिठ्ठी आहे : 'पुरावा. हात लावू नये.' मला कुणी हात लावत नाही याचं दुःख नाही. ज्याने माझी ही गत केली, त्याच्यापर्यंत माझा हात पोचत नाही, याचं आहे.

माझा जन्म परदेशात, कुठल्याशा कारखान्यात. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आम्ही सगळ्या सारख्याच जन्मतो. नगरहून खोक्यात बसून मी आले तेव्हा भाऊसाहेब अव्वल कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. माणूस कचेरीतून निवृत्त होतो, कचेरी माणसातून होत नाही. त्यांनी पुढच्या खोलीत मला मांडलं, शेजारी आवक-जावक रजिस्टर ठेवलं आणि आलेला प्रत्येक ईमेल क्रमांक घालून त्यात नोंदवायला सुरुवात केली. बिछान्याच्या चादरींवर सवलत मिळतेय, या जाहिरातीलाही आवक क्रमांक मिळे.

पण मला खरं काम मिळालं ते ऊसतोडीच्या माणसांमुळे. दसरा झाला की गावंच्या गावं कारखान्यांवर जातात आणि पाचटाच्या कोपीत राहतात. त्या झोपडीत पाऊस येतो, उंदीर येतात, चुलीची ठिणगी उडते, म्हणून कागद टिकत नाहीत. जाण्याआधी लोक पिशव्या घेऊन भाऊसाहेबांकडे येत. दाखले, उतारे, जन्माच्या नोंदी. भाऊसाहेब एकेक कागद स्कॅन करून माझ्या पोटात ठेवत. मोबदला एक कप चहा, आणि तोही लीनाताईंनी करायचा. चार हजारांवर कागद होते माझ्याकडे. मी गर्वाने फुगले होते म्हणा ना.

सहादेव आणि चांगुणाची कोपी दोन वर्षांपूर्वी जळाली. तीत सहादेवाच्या वडिलांच्या शाळेचा जुना उतारा गेला. शाळेतलं मूळ रजिस्टर वाळवीने आधीच संपवलं होतं. राहिली ती माझ्या पोटातली प्रत. त्यांच्या मोनिकाला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि जात पडताळणीची सुनावणी शुक्रवारी होती. मूळ जळाल्याचा पंचनामा तयार होता, सोबत प्रत जोडायची होती. ती नसेल तर जागा जाणार.

त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी एक ईमेल आला. विषय : 'सुनावणीची नोटीस.'

"अहो, कसली सुनावणी? तुमचं कुठे काय चाललंय?" लीनाताईंनी विचारलं.

"उघडल्याशिवाय कसं कळेल?"

"पाठवणाऱ्याचं नाव तरी बघा. नुसते आकडे आणि अक्षरं."

"लीना, चौतीस वर्षांत मी एक टपाल न फोडता ठेवलेलं नाही. नोटीस न फोडणारा माणूस एकतर्फी निकालात मरतो."

आवक क्रमांक ४१२ पडला आणि टपाल फोडलं गेलं. आत झिप करून बांधलेला गठ्ठा, गठ्ठ्यात एक फाईल. तिने कागदाचं चित्र पांघरलं होतं, पण होता तो संगणकाला राबवणारा प्रोग्रॅम. बदल करायला परवानगी देता का, अशी चौकट समोर आली. कागदपत्र उघडायला कधी परवानगी लागत नाही, हे तिथेच ओळखायला हवं होतं. पण भाऊसाहेबांनी पुढ्यात आलेल्या कागदावर जन्मभर सह्या केलेल्या. त्यांनी 'होय' दाबलं.

मग त्याने मलाच कामाला लावलं. माझ्याकडूनच, माझ्याच पोटात, एकेका कागदाला कुलूप. पंखा भणभणत होता, फायलींच्या नावांना अनोळखी शेपट्या फुटत होत्या, फोटो उघडेनासे होत होते. भाऊसाहेब कौतुकाने म्हणाले, "आज मशीन जोरात चालतंय." माझी एक धाकटी बहीण होती, राखीव प्रती ठेवायला आणलेली. शोधाशोध नको म्हणून तिला कायम जोडूनच ठेवलेलं. तिच्याही पोटात तो शिरला. अर्ध्या तासाने पडद्यावर इंग्रजी पाटी आली : तुमचं सगळं कुलपात आहे, किल्ली हवी तर बहात्तर तासांत पैसे टाका, पोलिसांकडे जाऊ नका.

पुण्याहून मुलगी मैत्रेयी फोनवर ओरडली नाही, ते तिचे उपकार. "बाबा, आधी नेटची वायर काढा. बाहेरची डिस्क उपटा. काही पुसू नका. मोबाईलवर त्या पाटीचा फोटो घ्या."

"फोटो घेऊ की पंचनामा करू?"

"बाबा, वायर."

संध्याकाळी चांगुणा आणि मोनिका प्रत न्यायला आल्या. भाऊसाहेबांनी खाली बघून सगळं सांगितलं.

"मंजी आमचा कागद त्या चोरांकडं गेला?" चांगुणाने विचारलं.

"नाही. कागद इथेच आहे. कुलूप त्यांचं आहे."

"मंग ह्ये मुकादमाच्या वरताण झालं. त्यो निदान तोंड तरी दावतो."

मोनिका हळूच म्हणाली, "काका, आय म्हनती दोन शेरडं इकू. पैसं देऊन सुटंल का?"

"त्यांना एक रुपया द्यायचा नाही. दिले तरी किल्ली मिळेल याचा भरवसा नाही, आणि देणारा सापडला की ते पुन्हा येतात."

"मंग शुक्करवारी काय दावायचं?" चांगुणा म्हणाली. "तुमचं आवक रजिस्टर?"

भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटून बाजूला सारलं. त्या बोलण्याचा वळ माझ्यावरही उठला. सूड हवा, हे मी तेव्हाच ठरवलं. माझ्यापाशी हात नव्हते, दात नव्हते. फक्त एक कारकून होता.

मंगळवारी मैत्रेयी एसटीने आली. तिने मला बाहेर काढलं, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर जपून तपासलं. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला, तक्रार नोंदवली, पाटीचा फोटो जोडला. काही कुलपांच्या किल्ल्या तपास करणाऱ्यांनी फुकट ठेवलेल्या असतात, तिथेही शोधलं. आमच्या कुलपाची नव्हती. ती डोकं धरून बसली. भाऊसाहेब मात्र चष्मा पुसून खंडणीची पाटी तिसऱ्यांदा वाचत होते. अर्जातला दोष शोधणारी ती नजर मी ओळखत होते.

"परिच्छेद चार," ते म्हणाले. "किल्ली खरी आहे हे दाखवायला हे लोक एक फाईल फुकट उघडून देतात. अट अशी, की ती मौल्यवान नसावी."

"बाबा, पण आपल्याला हवी तीच मौल्यवान आहे."

"कुणाच्या लेखी?"

मैत्रेयीने वेगळा ईमेल पत्ता काढून दिला. भाऊसाहेबांनी आपल्या कचेरीच्या इंग्रजीत पत्र घातलं : महोदय, आपले पत्र मिळाले. रकमेबाबत निर्णय घेण्यापूर्वी आपल्या क्षमतेची खात्री होणे आवश्यक आहे. सोबत एक नमुना जोडला आहे. जुना, डागाळलेला, निरुपयोगी कागद आहे. त्वरित कार्यवाही व्हावी.

बुधवार कोरडा गेला. चांगुणा दोनदा येऊन दारातूनच परत गेली. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. जगाला हादरवणाऱ्या त्या टोळीने सहादेवाच्या वडिलांचा उतारा पाहिला असणार : तपकिरी डाग, वाकडी देवनागरी, फाटका कोपरा. त्यांनी तो कचरा समजला आणि कुलूप काढून परत पाठवला.

मैत्रेयीने तो आधी तपासला, मग छापला. भाऊसाहेबांनी दोन प्रती काढल्या, मोनिकाच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "पोरी, चुकलो."

चांगुणाने कागद उजेडात धरला. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत पाहिला. "सासऱ्याचं नाव हाय ना ह्येच्यात? मंग झालं. भाऊसाहेब, त्या चोरांस्नी आता सोडू नगा."

सुनावणी झाली, प्रमाणपत्र आलं, मोनिका नर्सिंगला गेली. बाकीचे चार हजार कागद अजून माझ्या पोटात कुलपात आहेत. कधी काळी किल्ली सापडेल म्हणून मला जपून ठेवलंय. घरोघर निरोप गेलेत, लोक पुन्हा पिशव्या घेऊन येताहेत, नव्या डिस्कवर नव्याने काम चाललंय. राखीव प्रतीची डिस्क शनिवारी जोडतात आणि काम झालं की उपटून कपाटात, माझ्या शेजारी ठेवतात. वाचकहो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कायम जोडलेली असेल. उठा आणि आधी तिला सोडवा. अनोळखी नोटीस आली तर त्या कचेरीला फोन लावा. आणि खंडणी देऊ नका, तो पैसा पुढच्या घराचं कुलूप घडवतो. मी क्षमाशील नाही. त्यांच्यातला एक जरी पकडला गेला, तर मला मुद्देमाल म्हणून नक्की हजर करा.

तोवर सूड भाऊसाहेबांच्या हाती आहे. पोलिसांना कळवून त्यांनी पत्रव्यवहार चालूच ठेवलाय. बहात्तर तास कधीच उलटले, पण गिऱ्हाईक सुटू नये म्हणून टोळी थांबली. आधी त्यांनी रक्कम निम्मी केली. भाऊसाहेबांनी कपातीचं कारण लेखी मागितलं. त्यांनी पाव केली. भाऊसाहेबांनी आधीच्या दोन्ही पत्रांतली विसंगती दाखवून खुलासा मागवला, मग स्मरणपत्र एक, दोन, तीन. काल टोळीचं उत्तर आलं. लीनाताईंनी ते कपाटासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं : तुम्ही आमचा दीड महिना वाया घालवलात, तुम्ही आहात तरी कोण?

भाऊसाहेबांनी उत्तर घातलं : आपली तक्रार प्राप्त झाली. प्रकरण विचाराधीन आहे. कृपया पुन्हा पुन्हा चौकशी करू नये.