अर्ज उघडेना!

इनोकेंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उभं आयुष्य होड्या बांधण्यात घालवलेला हा माणूस आता ताटातला कसावाचा उकडलेला कंदही चाचपून उचलत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदाच जहाजानं सावूसावू बंदरात येई. नाव नोंदवायचं तर संकेतस्थळावरून अर्ज उतरवायचा, भरायचा आणि परत पाठवायचा. इनोकेंची मुलगी लेबा गावच्या शाळेत शिक्षिका. तिला वाटलं, यात काय मोठंसं!

शाळेच्या जुन्या संगणकावर अर्ज उघडला, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. बस पकडून ती शहरातल्या वाचनालयात गेली. तिथल्या संगणकावर फाइल उतरवायलाच परवानगी नव्हती. सहकारी सोसायटीच्या कचेरीत फाइल एकदाची उघडली, पण सगळा तक्ता विस्कटलेला. नावाचा रकाना जन्मतारखेवर चढून बसलेला. तिनं जमेल तसा भरून पाठवला. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी उत्तर आलं : 'अर्ज अपूर्ण.'

लेबा वडिलांचा हात धरून नोंदणी कार्यालयात धावली. तिथला अधिकारी सेवानाइया तरुण होता, बोलायला नम्र.

"बाई, फॉर्ममध्ये काही चूक नाही. हे बघा, आमच्याकडे तर उघडतो!" त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

"मग इथंच भरून घ्या ना!"

"यादी मघाशीच जहाजावर गेली. आता माझ्या हातात काही नाही."

"अहो, एका फाइलपायी माझ्या बापानं वर्षभर अंधारात बसायचं?" लेबा कळवळून म्हणाली. काय करावं, कुणाकडे जावं, काही सुचेना.

इनोके मात्र शांतपणे म्हणाले, "पोरा, तुला नीट दिसतं ना?"

"हो, मोमो." मामा म्हणावं तसं तो आदरानं म्हणाला.

"म्हणजे हा फॉर्म तुला भरायचा नाही. ज्यांना भरायचाय, त्यांच्या संगणकावर कधी उघडून बघितलास?"

सेवानाइयानं पडदा परत आपल्याकडे वळवला.

"किनाऱ्यावर सगळ्याच होड्या छान दिसतात रे. पाण्यात घालून बघितल्याशिवाय मी एकही होडी कुणाच्या हवाली केली नाही."

शस्त्रक्रिया आटोपून मंगळवारी जहाज परत निघालं. धक्क्यावर बापलेक उभे होते.

"गेलं का गं?"

"गेलं, ता." वडिलांना ती 'ता' म्हणे.

पुढच्या आठवड्यात सेवानाइया स्वतः शाळेत आला. जुन्या संगणकासमोर बसून त्यानं आपलाच अर्ज उघडला. चौकोन! नुसते चौकोन! त्याचा चेहरा उतरला.

"अरेरे! असे किती अर्ज मी 'अपूर्ण' म्हणून परत पाठवले! मला वाटायचं, लोकांनाच भरता येत नाही."

त्या महिन्यात साध्या फोनवरही उघडेल असा अर्ज संकेतस्थळावर लागला. छापील अर्ज गावोगावच्या दवाखान्यांत पोचले. पुढल्या वर्षाच्या यादीत पहिलं नाव सेवानाइयानं स्वतःच्या हातानं लिहिलं : इनोके.

पण मधलं ते वर्ष त्याला इनोकेंना परत देता आलं नाही. इनोके रोज सकाळी लेबाला विचारत, "उजाडलं का गं?"

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण कुणासाठी तरी अर्ज, सूचना, याद्या तयार करतात. तो कागद लोकांपुढं ठेवण्याआधी एकदा उठावं, सगळ्यांत जुन्या संगणकापाशी जाऊन बसावं आणि तो उघडून पाहावा. गरजवंताला जी वापरता येत नाही, ती सोय कसली? ती तर बाहेरून घातलेली कडी!